दोन गोणी आणि वर चार किलो

एकदा मी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती पार पाडूनच दम घेतो. ही फुशारकी समजू नका. माणूस जसं आपलं गाव किंवा रक्तगट सांगतो, तशी ही साधी माहिती आहे. त्यामुळे २००२ सालच्या जानेवारीत मी कचेरीत सगळ्यांदेखत जाहीर केलं की, "होळीच्या आत आठ किलो वजन उतरवून दाखवीन!", तेव्हा माझ्या मनात शंकेला जागाच नव्हती. जागा शर्टातही नव्हती, पण तो वेगळा विषय.

शहापूरला मी ज्या कचेरीत मोठा कारकून होतो, ती तालुक्यातल्या अंगणवाड्यांचा कारभार बघायची. गावोगावच्या पोरांचं वजन किती वाढलं, याचे तक्ते माझ्या टेबलावरून पुढे जायचे. पोरांचं वजन काही केल्या वाढत नव्हतं आणि माझं काही केल्या थांबत नव्हतं. एकदा साहेब तक्ता बघत म्हणाले, "देसले, तालुक्याची सरासरी तुम्ही एकट्याने उचलून धरलीय!" सगळे हसले. मीही हसलो. शर्टाचं तिसरं बटण तुटून इनवर्डच्या रजिस्टरात पडलं.

खरं निमित्त मात्र मनस्वीचं. मनस्वी माझी मुलगी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. डी.एड.ला असताना तिचं आणि मुरबाडकडच्या संदेश नावाच्या मुलाचं जमलं होतं. दोघांनी आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. आता फक्त ते आम्ही ठरवल्याचं दाखवायचं होतं. मनस्वी म्हणाली, "पप्पा, एक सांगू? लग्नाच्या फोटोत तुम्ही उभे राहिलात की मम्मी मांडवाबाहेर जाते."

मी तडक मंगेशच्या भातगिरणीवर गेलो. स्टेशनवरच्या काट्यात रुपया टाकला की वजनाबरोबर भविष्यही छापून येतं, आणि मला एका वेळी एकच धक्का पुरतो. मंगेशने मला गोण्यांच्या काट्यावर चढवलं आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज काढून ओरडला,

"भाऊसायेब! दोन गोणी आन वर चार किलो!"

भात भरडून न्यायचे दिवस. गिरणीवर वीस-पंचवीस माणसं होती. गोण चाळीस किलोची असते, हे त्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

उपाय रविवारच्या पुरवणीत सापडला. 'तुमचे चयापचय मंद आहे का?' असा मथळा होता आणि खाली दहा लक्षणं. जेवल्यावर झापड येणं. थंडीत हातपाय गार पडणं. केस गळणं. पोट साफ नसणं. कमी खाऊनही वजन वाढणं. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि खुणा करत गेलो. दहापैकी नऊ लक्षणं जुळली! दहावं फक्त बायकांसाठी होतं, नाहीतर मी तेही सोडलं नसतं. एवढी वर्षं मी उगाच स्वतःला खादाड समजत होतो. दोष माझा नव्हता, चयापचयाचा होता! माझ्या अंगातली भट्टी चांगली होती, फक्त कोणी तिला फुंकर घातली नव्हती.

खाली उपाय दिले होते. सकाळची न्याहारी चुकवू नका. प्रत्येक जेवणात कडधान्य, अंडी किंवा मासे असू द्या. पांढऱ्या भाताला नाचणीची जोड द्या. भरपूर पाणी प्या, पुरेसं झोपा. आणि सर्वांत शेवटी सोन्यासारखी एक ओळ होती: 'चहानेही चयापचयाला थोडी चालना मिळते.'

त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली. आता एक गोष्ट कबूल करतो. मला दिवसाला दहा-अकरा चहा लागायचे. एवढ्या वर्षांत मला आवडणारी गोष्ट औषध म्हणून लिहून देणारा हा पहिलाच लेख! कात्रण मी खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत डबा उघडला. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, मोड आलेले मूग, दोन उकडलेली अंडी. आमचा शिपाई कोंडू पाण्याचा तांब्या ठेवायला आला आणि डब्यात बघतच राहिला. कोंडू म्हणजे कचेरीचा आत्मा. साहेब बदलायचे, कोंडू नाही.

"भाऊसायेब, वयनी रुसल्यात का?"

"नाही रे. मीच सांगितलंय. माझं चयापचय मंद झालंय."

"काय झालाय?"

"चयापचय!"

"च्या... पचय?"

"हां. नीट होत नाही माझं. बऱ्याच वर्षांपासून असणार, मला आत्ता कळलं."

कोंडूचा चेहरा उतरला. "इतकी वर्सा! आन तुमी कोनाला बोलला पन नाय!"

"आपल्यालाच कळत नाही रे. आता काळजी घ्यायची."

"घेनार!" कोंडू छातीवर हात ठेवून म्हणाला. "तुमी नका घेऊ. आमी घेनार!"

आमच्याकडे चहाला 'च्या' म्हणतात, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस आपला उच्चार शुद्ध झाला की निश्चिंत होतो. समोरच्याने काय ऐकलं, हे तो बघत नाही.

साडेतीनला कचेरीत चहा आला. साहेबांना मिळाला, दोन्ही कारकुनांना मिळाला, आवकच्या बाईंना मिळाला. माझ्या टेबलापाशी आल्यावर कोंडूने किटली पाठीमागे लपवली आणि लहान मुलाकडे बघावं तसा माझ्याकडे बघून पुढे गेला. मला वाटलं, विसरला. पाच वाजता पुन्हा तेच! तिसऱ्या दिवशी माझा कपच फडताळातून नाहीसा झाला.

आता चहा काय मागून घ्यायचा? मोठ्या कारकुनाने? मी आडून सुचवलं, "कोंडू, आज डोकं जरा जड आहे रे." कोंडूने डोकेदुखीची गोळी आणली. म्हणालो, "घसा कोरडा पडलाय." पाण्याचा तांब्या आणला. शेवटी म्हणालो, "काहीतरी गरम असतं तर बरं होतं!" त्याने पंखा बंद केला.

तेवढ्यात महिन्याची बैठक आली. दर महिन्याला तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाडी सेविका शहापूरला जमतात. बातमी पसरवायची असेल तर टपाल खातं, टेलिफोन आणि रेडिओ हे तिघे मिळूनही या बैठकीच्या जवळपास पोचणार नाहीत. कोंडूने दारातच किन्हवलीच्या सकुबाईंना गाठलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "भाऊसायेबांना च्या पचत नाय. कोनी इचारू नका, त्याना वाईट वाटतं." सकुबाईंनी कोणाला न विचारता सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर मी ज्या ज्या गावी अंगणवाडी तपासायला गेलो, तिथे माझी सेवा सुरू झाली. चहा चालत नाही, मग भाऊसाहेबांना काहीतरी हलकं द्यायला हवं! आमच्या भागात हलकं म्हणजे काय असतं? एका गावात साखर घातलेलं पेलाभर म्हशीचं दूध. दुसऱ्या गावात शेवयांची खीर. तानशाच्या बाजूला एका घरी ताज्या खरवसाचं ताट. किन्हवलीत खुद्द सकुबाईंनी तुपातला शिरा केला आणि समोर बसून पदराने वारा घालत म्हणाल्या, "खा भाऊसायेब. याना पोटाला तरास नाय."

"सकुबाई, चहा..."

"नाव पन काढू नका!" त्यांनी माझ्या तोंडासमोर हात धरला. "मना सगला ठाव हाय."

मला वाटलं, खात्याने काटकसरीचं नवं परिपत्रक काढलंय आणि माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. मुकाट्याने खात राहिलो. पानात आलेलं टाकून उठणं आमच्याकडे शोभत नाही. घरी मात्र नम्रता, म्हणजे माझी बायको, नेमाने नाचणी आणि कुळीथ वाढत होती, आणि सकाळ-संध्याकाळचे तीन-चार चहाही तिच्याकडून मिळत होते. म्हणून घरात कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

तीन आठवड्यांनी मी ऐटीत गिरणीवर गेलो.

"दोन गोणी आन वर आठ किलो!" मंगेश ओरडला. "भाऊसायेब, भिजलेला भात बी इतका नाय वाढत!"

मी हादरलो. इतकं पौष्टिक खाऊन चार किलो वाढ? माझं चयापचय नुसतं मंद नव्हतं, ते निजलं होतं! मी नाचणी दुप्पट केली.

इकडे बातमीचंही वजन वाढत होतं. च्या पचत नाय, हे खर्डीपर्यंत जाऊन 'अन्न पचत नाय' झालं. डोळखांबला माझ्या पोटात गाठ झाली. बैठकीत एक सेविका माझ्या हातात दोन डाळिंबं ठेवून डोळे पुसत म्हणाली, "मुंबईच्या डागदरनी पन नाय बोलला काय वो?" मी म्हणालो, "कशाला?" तर ती आणखी रडायला लागली. सकुबाईंचं माहेर सरळगावच्या अलीकडचं. त्याच गावात संदेशचं घर. पुढचं तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

फेब्रुवारीत मी मुलाचं घर बघायला निघालो. आमच्या नात्यागोत्यात पसंती चहावर ठरते. पहिल्या खेपेला मुलीचा बाप एकटा जातो. मुलाची आई चहा आणते. तिने दिला म्हणजे त्यांचा होकार, बापाने प्यायला म्हणजे आपला. चहा पुढे आलाच नाही, तर माणसाने काय समजायचं ते समजून उठायचं. तोंडाने नाही म्हणायची पाळी कोणावर येत नाही. रीत तशी फार सोयीची आहे.

निघताना मनस्वीने बजावलं, "पप्पा, एवढं एक काम सरळ करा. जायचं, चहा प्यायचा, यायचं. भाषण नको."

"चहा पिण्यात काय चुकणार गो?" मी म्हणालो.

संदेशचे वडील देवजीभाऊ म्हणजे बांबूसारखा उंच आणि तेवढाच सरळ माणूस. ओटी सारवलेली, अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी. संदेश कोपऱ्यात बसून माझ्या पोटाकडे अत्यंत दुःखाने बघत होता. मला ते आवडलं नाही, पण जावई माणूस, म्हणून गप्प बसलो. आतून गवती चहाचा वास आला. आहाहा! कपबश्या वाजल्या. मी सावरून बसलो. संदेशच्या आई गिरजाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्यापुढे वाडगा ठेवला.

वाडग्यात पेज होती! तापातून उठलेल्या माणसाला देतात ती तांदळाची पेज, वर चिमूटभर मीठ.

"घ्या, ऊन ऊन हाय," गिरजाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. चहा येईना. देवजीभाऊंनी घसा साफ केला.

"भाऊसायेब, आमाला सगला कललाय. तुमी लाजू नका."

"काय कळलंय?"

"तेच. मानसाला जा झेपत नाय, त्याचा आमी जोर नाय करनार."

माझी कानशिलं तापली. झेपत नाही? आमच्या मुलीचं लग्न आम्हाला झेपत नाही? "देवजीभाऊ, आम्हाला सगळं झेपतं!"

"सगले असाच बोलतात. माझा साडू पन बोलायचा, मना काय होत नाय! शेवटाला त्याला जीपमधी आडवा घालून नेला."

"मग रीत काय म्हणते?"

"रीत गेली खड्ड्यात! तुमच्यासाठी मोडली आमी रीत!"

बघा! नकार देताना माणसं निदान गप्प बसतात. इथे तोंडावर सांगत होते! मी उठलो. पेजेला बोटही लावलं नाही. "येतो," म्हणालो. संदेशने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "सांभाळा, पप्पा." निरोपच घेतला म्हणा ना! तिकडे मी पेज न घेता उठलो, म्हणजे आमचाच नकार, असा अर्थ त्यांनी लावला. नम्रता बरोबर असती तर पाच मिनिटांत सगळं उलगडलं असतं. पण मी पडलो सरळ काम करणारा माणूस.

घरी येऊन सांगितलं, "चहासुद्धा विचारला नाही!"

मनस्वी वह्या तपासायला बसली आणि तिसरीच्या पोरांच्या वह्यांवर इतक्या जोरात बरोबरच्या खुणा करू लागली की पानं फाटली. संदेशला फोन कर, असं नम्रताने सुचवलं तर म्हणाली, "माझ्या बापाला ज्या घरात चहा मिळत नाही, तिथे मी फोन करू? त्याने करावा." त्याने केला नाही. त्याच्या घरची पेज आम्ही नाकारली होती ना! आठ दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने जेवलंही नाही. माझी भूक गेली. खरंच गेली. आता हे चयापचय नव्हतं, हे मलाही कळत होतं.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, कोंडू दारात उभा. हातात बाटली, तिच्यात काळं पाणी.

"भाऊसायेब, कुड्याच्या सालीचा काढा. सासरवाडीहून आनलाय. घोडा लोलत असला तरी उठून पलतो." मग हळूच म्हणाला, "आन सकुबाय बोलली, त्या देवजीच्या घरी आज टोकावड्याची मानसा येतान. मुलगी द्यायला."

मनस्वीच्या हातातलं पेन थांबलं. तेवढ्यात नम्रताने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. कोंडूने बाटली टाकली आणि कपावर अशी झेप घेतली की बशी भिंतीवर जाऊन फुटली!

"वयनी! काय करताव! त्याना इख हाय ता!"

"कसलं विष?" नम्रता ओरडली. "सकाळपासून तिसरा कप आहे त्यांचा!"

कोंडू मटकन खाली बसला. "तिसरा? आन... पचला?"

"न पचायला काय धाड भरलीय?"

"भाऊसायेबच बोलले माझ्याजवल! माझा च्या पचय नीट होत नाय! समद्या तालुक्याला ठाव हाय! म्हनून तं आमी त्याना कोनी च्या देत नाय!"

काढा फरशीवरून माझ्या पायाकडे वाहत येत होता. मला डोळ्यांपुढे एकेक दिसायला लागलं. पाठीमागे लपवलेली किटली, खीर, खरवस, शिरा, डाळिंबं, जीपमधला साडू.

"पप्पा," मनस्वी अगदी थंड आवाजात म्हणाली, "पेज कशाला दिली होती, ते कळलं?"

"कळलं," मी म्हणालो.

"मग बसलात काय? उठा!"

एस.टी.ला तास होता. कोंडूची मोपेड होती. ती एका माणसासाठी बनवली होती, आणि तो माणूस मी नव्हतो. चढ आला की मी उतरून ढकलायचो, उतार आला की कोंडू म्हणायचा, "भाऊसायेब, आता जा होईल ता होईल!" किन्हवलीत सकुबाई रस्त्यात दिसल्या. "आरं, त्याना कुठं नेतोस या फटफटीवरना? अंबुलन्स बोलवा!" असं त्या ओरडत असतानाच आम्ही निघून गेलो.

देवजीभाऊंच्या अंगणात चपलांचे पाच जोड होते. ओटीवर टोकावड्याचे पाहुणे बसले होते. मधोमध फेटा बांधलेले मुलीचे वडील. कोपऱ्यात संदेश, दात काढायला बसलेल्या माणसासारखा. आणि आतल्या दारातून गिरजाबाई बाहेर येत होत्या. हातात थाळी, थाळीत पाच कप, कपांतून वाफ!

तेव्हा मी काय विचार केला, असं नंतर मला पुष्कळांनी विचारलं. मी काही विचार केला नाही. मी ओटीवर चढलो, थाळीतला पहिला कप उचलला आणि उभ्या उभ्या एका घोटात संपवला. जीभ भाजली, टाळू भाजला, पण कप मी उलटा करून सगळ्यांना दाखवला!

"आगो बाय! मेला!" गिरजाबाईंच्या हातातली थाळी गेली.

"थुका! भाऊसायेब, थुका!" देवजीभाऊंनी माझी पाठ बडवायला सुरुवात केली. संदेशने अंगणातली एक चप्पल आणून माझ्या नाकाला लावली. फिट आलेल्याला लावतात तशी. कोंडू अंगणातून ओरडत होता, "पचतो! त्याना पचतो! ऐकन्यात चूक माझी हाय!" पण त्याला बाकीची माणसं दुःखाने भ्रमलेला समजत होती.

फेटेवाले पाहुणे सावकाश उठले. चपला शोधता शोधता आपल्या माणसांना म्हणाले, "चला रे. या घरात एक व्याही आधीच पिऊन बसलाय!"

ते गेल्यावर मला खाटेवर बसवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सगळे अर्धा तास माझ्याभोवती उभे राहिले. मी मेलो नाही. कोंडूने तोवर चयापचयाची सगळी हकिगत तीनदा सांगितली, दर वेळी शब्द वेगळा. आधी देवजीभाऊंचे खांदे हलायला लागले, मग ते खांबाला धरून इतके हसले की शेजारी जमले.

"म्हंजे तुमाला काय पन झाला नाय?"

"वजन झालंय."

"ता दिसताय!"

मी उठलो, हात जोडले. "देवजीभाऊ, माझ्या गैरसमजाची शिक्षा पोरांना नको. मनस्वी आठ दिवस जेवली नाही धड."

"आमचा बी कोन जेवलाय?" गिरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी संदेशच्या पाठीत एक धपाटा घातला. "जा, दूध आन! आता रीतीचा च्या होऊ दे!"

तो रीतीचा चहा मी मांडी घालून, दोन्ही हातांनी धरून प्यायलो. काम सरळ झालं असतं. पण देवजीभाऊंचे चुलत भाऊ म्हणाले, "आमी नाय बघितला पिताना. उद्या कोन बोलला, व्याही आजारी हाय, तं?" झालं! भावकीत शंका राहायला नको म्हणून मला घरोघर नेण्यात आलं. अकरा घरं! प्रत्येक घरात सगळं कुटुंब समोर बसायचं, मी प्यायचो, ते माझ्या गळ्याकडे बघायचे, आणि मोठा माणूस जाहीर करायचा, "गेला! खाली गेला!" पाहुण्याच्या चहात साखर हात राखून घालायची, असं त्या गावात कोणाला माहीत नव्हतं. शेवटच्या घरात चमचा चहात उभा राहत होता. मी तोही प्यायलो. मुलीसाठी बाप काय करत नाही!

लग्न मे महिन्यात ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटापासून गळ्यापर्यंत कोणीतरी शेगडी पेटवल्यासारखं झालं. भट्टीला फुंकर मिळाली होती, पण भलतीकडे! शहापूरच्या डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली आणि विचारलं, "दिवसाला चहा किती?"

"एरवी दहा-अकरा. काल पंधरा."

"साखर?"

"दोन-दोन चमचे. काल मोजली नाही."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले. चहा बंद.

मी खिशातलं कात्रण काढून त्यांना ती लाल रेघ दाखवली. ते वाचत होते तेव्हा नम्रता त्यांच्या खांद्यावरून बघत होती. तिने बोट ठेवलं. लाल रेघ मारलेल्या ओळीच्या वरच्या ओळीत, अगदी शेवटी, एक शब्द होता: 'बिनसाखरेच्या'. रेघ मारताना मी तो वर ठेवून दिला होता.

पुढे नाचणी, कुळीथ आणि अंडी चालूच राहिली. चहा गेला आणि त्याच्याबरोबर वीस-बावीस चमचे साखर गेली. शिवाय भाऊसाहेबांना सगळं पचतं, हे आता तालुक्याला कळलं होतं, म्हणून खीर आणि खरवस आपोआप थांबले. लग्नाच्या आठवडाभर आधी मी गिरणीवर गेलो, तेव्हा मंगेशने काटा दोनदा तपासला.

"दोन गोणीला चार किलो कमी!"

आठ किलो! होळी जाऊन दोन महिने झाले होते, पण मी काम अर्धवट सोडत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलंय.

लग्नात आम्ही कोंडूला मानाची टॉवेल-टोपी दिली. पंगतीनंतर कोणीतरी माझ्यापुढे चहाचा ट्रे धरला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून कोंडू टोपी सावरत ओरडला, "ओ! भाऊसायबांना च्या पचत नाय!"

सगळ्या मांडवाने माझ्याकडे बघितलं.

"नाही पचत," मी म्हणालो.

कोंडू ताकाचा पेला घेऊन शेजारी येऊन बसला. माझ्यातला बी.ए. अजून शिल्लक होता. म्हणालो, "कोंडू, रोग बरोबर ओळखलास. फक्त शब्द तेवढा चुकीचा ऐकलास."

"ऐकला बरोबर, भाऊसायेब," कोंडू पेला माझ्या हातात देत म्हणाला, "तुमी बोलला चुकीचा."

मी ताक प्यायलो.